कोजागिरी हॉलमध्ये कशाला?



मागच्या रविवारी आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत यंदाच्या कोजागिरीचा विषय निघाला आणि माझं जरा वाजलं. तिथे नीट बोलता आलं नाही, आवाज चढला. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी मंडळाच्या ग्रुपविषयी. वर्षभरापासून तिथे 'दिनविशेष' सुरू आहे. रोज सकाळी एकीची पाळी. 10 फेब्रुवारीला जागतिक कडधान्य दिन, तेव्हा डब्यांचे फोटो. 20 मार्चला चिमणी दिन, त्याच तारखेला आनंद दिनही, म्हणजे चिमणीचं चित्र आणि हसरे चेहरे एकदम. 21 मे चहा दिन, 1 जून दूध दिन. बरं, नुसतं चित्र पाठवून भागत नाही. कडधान्य दिनाला उसळींची स्पर्धा होती, चहा दिनाला प्रत्येकीने काहीतरी खुसखुशीत करून आणायचं होतं. दिवस कुणाचाही असो, कढई आपलीच तापते. पुरुषांच्या ग्रुपवर हेच दिवस अंगठा दाखवून साजरे होतात, ही आपली माझी टिप्पणी.

20 जुलैला चंद्राचा दिवस झाला. माणूस 1969 मध्ये त्या तारखेला चंद्रावर उतरला म्हणून संयुक्त राष्ट्रांनी 2021 मध्ये तो दिवस ठरवला. ठीक आहे. पण आमच्या सांगलीकडे 20 जुलैला आभाळ कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. चंद्र सोडा, समोरची टाकी दिसत नाही. तरी ग्रुपवर साठ-सत्तर चंद्र आले, सगळे निळे, सगळे चकचकीत, त्यावर गुलाबाची फुलं. त्यानंतर पंधरवड्यात आभाळ एकदा मोकळं झालं तेव्हा मी संध्याकाळी ग्रुपवर विचारलं, आज वर पाहिलंत का कुणी? उत्तर नाही.

आता मुद्द्यावर येते. आपल्याला चंद्राचा वेगळा दिवस कशाला हवा? आपलं सगळं वर्ष त्याच्यावरच चालतं. महिन्यात दोन अष्टमी, दोन चतुर्दशी. त्या दिवशी हिरवी भाजी नाही, एकासन किंवा उपवास, मुलांच्या डब्यात काय द्यायचं याची आदल्या रात्रीची काळजी. भाद्रपदात दशलक्षण पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीला संपतं. अष्टान्हिका वर्षातून तीनदा, आठव्या तिथीपासून पौर्णिमेपर्यंत. महावीर निर्वाण आश्विन अमावस्येचं. म्हणजे चंद्र वाढतो-कमी होतो, त्याप्रमाणे आपला स्वयंपाक बदलतो. पण आपण बघतो काय? भिंतीवरचं कॅलेंडर. आता तेही नाही, मोबाइल टुणकन वाजतो, 'उद्या चतुर्दशी'.

माझ्या सासूबाईंना कॅलेंडर लागायचं नाही. त्या शेतावरच्या घरात वाढल्या. संध्याकाळी जेवण आटोपून, भांडी विसळून अंगणात आल्या की वर बघायच्या आणि म्हणायच्या, 'अर्धा झाला गं, आज अष्टमी.' मी नवी होते, मला वाटायचं पाठ केलं असेल. नंतर कळलं, यात पाठ करण्यासारखं काही नाहीच. शुद्ध अष्टमीचा चंद्र दुपारीच उगवतो आणि सूर्य मावळताना जवळजवळ डोक्यावर असतो. आपली जेवणं दिवे लागायच्या आत होतात, म्हणजे आपण मोकळ्या होतो त्याच वेळी तो समोर असतो. वद्य अष्टमीचा सकाळी मंदिरात जाताना वर असतो, फिकट, अर्धा. शुद्ध चतुर्दशीचा तर सूर्य मावळायच्या आधीच पूर्वेला येतो. आणि रोज किती उशिरा उगवतो म्हणाल, तर सुमारे दोन घटिका, म्हणजे एका सामायिकाएवढा वेळ. सासूबाई तसंच मोजायच्या: 'काल आरतीला आला होता, आज एक सामायिक थांब.' हे वाचून कुणाला गंमत वाटेल. मला वाटतं, ज्या बाईला हे येतं तिला तिथी कुणी सांगावी लागत नाही, आणि क्षयतिथीवरून वाद निघाला तरी तिला निदान काय चाललंय ते कळतं.

दुर्बिणीवाले काय म्हणतात तेही ऐका. चंद्र बघायला उत्तम वेळ पौर्णिमेची नाही, अर्ध्या चंद्राची. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात, तिथले खड्डे आणि डोंगर उठून दिसतात. पौर्णिमेला ऊन सरळ पडतं, सगळं सपाट दिसतं. म्हणजे नेमकी आपली अष्टमी. 23 ऑगस्ट 2023 ला चंद्रयान-3 उतरलं तेव्हा आपण सगळ्या टीव्हीला डोळे लावून बसलो होतो. संध्याकाळचे सहा वाजून चार मिनिटं. त्या वेळी जवळजवळ अर्धा चंद्र बाहेर आकाशातच होता. त्या जागी सूर्य उगवून तिथला दिवस सुरू होत होता म्हणून तर तो मुहूर्त निवडला होता, कारण यंत्रांना ऊन हवं आणि तिथलं ऊन आपल्या चौदा दिवसांएवढं टिकतं. मी काही तेव्हा बाहेर गेले नाही. पडद्यावर टाळ्या वाजवत होते. म्हणजे मीही त्याच पंक्तीतली.

आता कोजागिरी. बैठकीत दोन बाजू पडल्या आणि मला दोन्ही पटल्या नाहीत.

एक म्हणाली, वर्षातून एकदा रात्री बाराला मसाला दूध घेतलं तर काय झालं, दूध म्हणजे काही जेवण नव्हे, शेजारच्या सोसायटीत सगळे घेतात, आपल्या मुलांनाच का तोंड बांधून बसवायचं. मैत्रिणींनो, रात्रिभोजनत्याग हा ज्याचा त्याचा नियम आहे, कुणाकडे पाणी-औषधाची सूट असते, कुणाकडे दुधाचीही. तुमच्या घरचा नियम मी ठरवणार नाही. पण मंडळाच्या नावाने, मंडळाच्या पैशातून रात्री पातेलं चढवायचं नाही, एवढं मी ठामपणे म्हणेन. पाऊस सरल्यावर दिव्याभोवती किती किडे येतात ते तुम्ही पाहिलंय. उघड्या पातेल्यात किती पडतात तेही. नियम त्याच्यासाठीच आहे. लोक काय म्हणतील म्हणून तो वाकवायचा असेल तर पाळायचाच कशाला?

दुसरी बाजू जास्त कडक. एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, कोजागिरी आपली नव्हेच, लक्ष्मी कोण जागं आहे विचारत येते ही कथा आपली नाही, चंद्राकडे बघत बसणं मिथ्यात्व आहे. त्यांचा मान ठेवून सांगते. कथा आपली नाही हे खरं. चंद्राला अर्घ्य द्या, त्याच्याकडे धन मागा, असं मी म्हणतच नाही. पण बघणं म्हणजे पूजणं कधीपासून झालं? आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ, त्यांचं लांछन चंद्र. तीर्थंकरांच्या मातेला पडलेल्या सोळा स्वप्नांत पूर्ण चंद्र आहे, दशलक्षणात स्वप्नांच्या पाट्या आपणच रंगवतो. रोज देवापुढे तांदळाचं स्वस्तिक काढतो, वर तीन पुंज, त्याच्या वर चंद्रकोर आणि एक ठिपका. सिद्धशिला त्या आकारात दाखवतात. रोज बोटांनी चंद्र काढणाऱ्या बाईने वर बघितलं तर तिचं सम्यक्त्व ढासळेल, हे मला काही केल्या पटत नाही.

आणि शरद पौर्णिमा आपली नाही म्हणणाऱ्यांनी मंडळाचा फलकही आठवावा. आचार्य विद्यासागर महाराज सदलग्याला जन्मले ते 10 ऑक्टोबर 1946 ला, शरद पौर्णिमेला. हस्तिनापूरला जंबूद्वीपाची रचना उभी करणाऱ्या ज्ञानमती माताजींचा जन्मही 1934 च्या शरद पौर्णिमेचा. फलक आपण दर वर्षी लावतो. (त्या जंबूद्वीपात दोन चंद्र आहेत आणि आपल्याला एकच दिसतो, यावर माझ्या मुलीने मला एकदा फार छळलं. तो विषय पुन्हा केव्हातरी.)

या दोन बाजूंची समजूत घालण्यासाठी मंडळाने गेल्या वर्षी मधला मार्ग काढला: हॉल. पाच वाजता मसाला दूध, म्हणजे नियम सांभाळला. मग पडदे ओढून 'चांदणी रात्र' कार्यक्रम. थर्माकोलचा चंद्र, त्यावर चमकी, पांढऱ्या साड्या, तंबोला. सव्वासहाच्या सुमारास, आम्ही आकडे खोडत असताना, खरा चंद्र हॉलच्या मागच्या बाजूने वर आला असणार. सासूबाई तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर होत्या. वय 81, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. त्यांनी मला दोनदा विचारलं, 'उगवला का गं?' मी म्हटलं, 'कार्यक्रम संपू दे, बघू.' कार्यक्रम आठला संपला, मग बक्षिसं, मग फोटो, मग गाडी मिळेना. आमचं घर पश्चिमेकडे तोंड करून आहे, बाल्कनीतून काही दिसत नाही. त्या झोपल्या. नव्या डोळ्यांनी पहिली कोजागिरी बघायची होती त्यांना, आणि मी त्यांना थर्माकोल दाखवून आणलं. दोष मंडळाचा नाही, उठून त्यांना दारापर्यंत नेणं माझ्या हातात होतं. तंबोल्यात माझी एक ओळ भरायची राहिली होती.

म्हणून बैठकीत मी जे ओरडून म्हणाले ते इथे हळू आवाजात पुन्हा म्हणते. यंदा हॉल घेऊ नका. ते पैसे पाठशाळेला द्या. ज्यांना दूध हवं त्यांनी आपापल्या घरी दिवसा घ्यावं. सहाला आमच्या इमारतीच्या गच्चीवर या. खायला काही नसेल, कुणी काही करून आणायचं नाही, साडी कुठल्याही रंगाची चालेल. एक सामायिक बसू, मौनात बसायचं तर मौनात. ज्यांना पटत नाही त्यांनी पाठ करून बसावं, चांदणं पाठीवरही पडतं. मुलांना बरोबर आणा, आणि पुढे आठ दिवस रोज एक सामायिक उशिरा कसा उगवतो ते त्यांनाच मोजू द्या.

अध्यक्षांनी 'विचार करू' म्हटलंय. हॉलची आगाऊ रक्कम अजून भरलेली नाही, एवढं मी विचारून घेतलंय.

एक अडचण मात्र आहे. आमची लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही, शेवटच्या मजल्यावरून बावीस पायऱ्या आहेत. सासूबाईंना खुर्चीसकट वर न्यावं लागेल. एक बाजू मी धरते, दुसरीकडे आणखी दोघी हव्यात. कोण येणार ते खाली लिहा.