खाते तिच्या नावावर, ओटीपी कोणाच्या फोनवर?

मुळशीत इंद्रायणीची लावणी बहुतांशी बायकांच्या हाताने होते; भात विकल्याचे पैसे मात्र बहुधा सातबारा ज्याच्या नावावर, त्याच्या खात्यात जातात. ऑगस्ट 2024 पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा 1,500 रुपये थेट महिलेच्या खात्यात येऊ लागले आणि अनेकींना पहिल्यांदाच स्वतःच्या खात्याकडे नियमित पाहावे लागले.

खाते असणे आणि ते स्वतः चालवणे यांत फरक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातील सुमारे 79 टक्के महिलांनी स्वतः वापरत असलेले बँक खाते असल्याचे सांगितले. स्वतःचा मोबाईल मात्र सुमारे 54 टक्के महिलांकडेच होता. खरी अडचण इथे आहे. आधारला मुलाचा किंवा दिराचा नंबर जोडलेला असेल, तर ओटीपी त्याच्या फोनवर जातो. सप्टेंबर 2025 मध्ये या योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा ही अडचण ठळक झाली.

आता पुढील कामे करून घ्या.

1. आधारला तुमचा स्वतःचा नंबर जोडा. बँक खात्यालाही तोच द्या.

2. योजनेचे पैसे सर्वांत शेवटी आधार जोडलेल्या खात्यात जातात. ‘पैसे आलेच नाहीत’ असे वाटले, तर ते जुन्या, विसरलेल्या खात्यात पडले असण्याची शक्यता असते. कोणते खाते जोडले आहे, हे बँकेत किंवा ‘माय आधार’ संकेतस्थळावर कळते.

3. सेवा केंद्रात अंगठा लावल्यावर पावती घ्याच. ‘मशीन चालले नाही, पुन्हा लावा’ असे सांगितले, तर आधी शिल्लक तपासा. एम-आधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करता येते. पैसे काढताना तेवढ्यापुरते उघडा.

4. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला, की पैसे जाणार हे समजा.

5. ताम्हिणीकडच्या वाड्यांत इंटरनेट मिळत नसेल, तर साध्या फोनवरून *99# लावून शिल्लक पाहता येते. त्यासाठी मोबाईलची रेंज मात्र हवी.

फसवणूक झाल्यास लगेच 1930 वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानुसार चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. पिन किंवा ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुम्हालाच सोसावे लागते. म्हणून लाजेपोटी गप्प बसणे सर्वांत महाग पडते.

सहायक कृषी अधिकारी आणि ‘उमेद’च्या सख्यांनी शेतीशाळेत पंधरा मिनिटे यासाठी ठेवावीत. प्रत्येकीने स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या बोटांनी शिल्लक पाहावी. दुसऱ्याने करून दिलेले काम सोपे वाटते, पण पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच्याच दारात उभे राहावे लागते.