मानाची मधली रांग

यंदाच्या कोजागरीला आपल्या मंडळींत रोगनिदानाची चर्चा अगदीच कमी झाली आणि मोटारींची फार. मसाला दुधाचे पेले हाती घेऊन चार डॉक्टर तासभर वाद घालीत होते. सात माणसांच्या कुटुंबाने टाटांची सफारी घ्यावी, महिंद्रांची एक्सयूव्ही ७०० किंवा स्कॉर्पिओ-एन घ्यावी, की टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस? अस्थिरोगतज्ज्ञ मित्र स्कॉर्पिओच्या दणकटपणावर भाळलेले, तर भूलतज्ज्ञ वहिनी हायक्रॉसच्या शांत इंजिनावर. मी नेहमीप्रमाणे श्रोत्याच्या भूमिकेत होतो. तथापि माझ्याही घरी तेव्हा हाच वाद रंगला होता, आणि तो सोडविताना मला जे उमगले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांसमोर ठेवावेसे वाटते.

मोठी गाडी हा आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत केवळ हौसेचा विषय नाही. आपली मुले-मुली पुण्याला, बंगळुरूला स्थायिक झाली. दिवाळीत सारे जमतात. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल लोकाचे लोकार्पण झाल्यापासून दर्शनाला येणारे आप्तेष्टही वाढले आहेत, आणि २०२८ चा सिंहस्थ तर दारात उभा आहे. उज्जैनहून पुणे सहाशेहून अधिक किलोमीटर. इंदूर, मानपूर, सेंधवा, बिजासनचा घाट, धुळे, नाशिक हा आपला पिढ्यान् पिढ्यांचा मार्ग. १९९४ साली सुमो आली, २००० साली क्वालिस, २००२ साली स्कॉर्पिओ, आणि हा प्रवास एकाच गाडीत, सर्वांनी मिळून करण्याची सोय झाली. त्या काळी आमच्या गाडीतही मागे समोरासमोर दोन बाके होती. त्यांवर माझी दोन्ही मुले आणि भाचरे दाटीवाटीने बसत, भेंड्या लावीत, भांडत आणि तेथेच झोपी जात. एकालाही पट्टा नव्हता. मी तेव्हाही बालरोगतज्ज्ञच होतो.

आता आजच्या गाड्यांकडे वळू. स्कॉर्पिओ-एनची बांधणी शिडीसारख्या स्वतंत्र सांगाड्यावर झालेली आहे. खराब रस्त्यावर, शेताच्या वाटेवर ती खंबीर ठरते. सफारी, एक्सयूव्ही ७०० आणि हायक्रॉस या एकसंध सांगाड्याच्या गाड्या असून महामार्गावर त्यांची बैठक अधिक स्थिर वाटते. लांबीत सफारी ४६६८, स्कॉर्पिओ-एन ४६६२, एक्सयूव्ही ७०० ४६९५ आणि हायक्रॉस ४७५५ मिलिमीटर, म्हणजे फरक जेमतेम वीतभराच्या आतला. परंतु पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर हायक्रॉसमध्ये २८५० मिलिमीटर आहे. इतर तिघींत ते साधारण २७५० किंवा किंचित कमी. हे शंभर मिलिमीटर शेवटच्या रांगेत बसणाऱ्याच्या गुडघ्यांना कळतात. रुंदीने मात्र सफारी (१९२२) आणि स्कॉर्पिओ-एन (१९१७) वरचढ आहेत. गोपाळ मंदिर व पटनी बाजाराच्या गल्ल्यांत हा गुण दोष ठरतो, हे सांगणे नलगे.

सुरक्षिततेचा विषय निघाला की सर्वजण तारे मोजू लागतात. सफारीला २०२३ च्या डिसेंबरात भारत एनकॅपच्या अगदी पहिल्या चाचण्यांत पाच तारे मिळाले. बालसुरक्षेत तिला ४९ पैकी ४४.५४ गुण आहेत. हायक्रॉसने २०२५ मध्ये त्याच चाचणीत पाच तारे आणि बालसुरक्षेत ४५ गुण मिळविले. एक्सयूव्ही ७०० ची २०२१ मध्ये, तर स्कॉर्पिओ-एनची २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने चाचणी घेतली. प्रौढांसाठी दोघींनाही पाच तारे मिळाले. मुलांसाठी मात्र एक्सयूव्हीला चार आणि स्कॉर्पिओ-एनला तीनच. 'पंचतारांकित गाडी' असे म्हणताना हा दुसरा आकडा बहुधा कोणी विचारीत नाही. शिवाय या परीक्षांचे नियम मधल्या काळात बदलले. निरनिराळ्या प्रश्नपत्रिकांचे गुण शेजारी मांडून पहिला-दुसरा क्रमांक काढणे योग्य नव्हे. ढोबळ कल काय तो समजतो.

पण माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवितात. तीत पुढे दोन प्रौढ बाहुले असतात आणि मधल्या रांगेत, बालआसनांत बांधलेले, दीड व तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे दोन बाहुले. तिसऱ्या रांगेत कोणीही नसते. मागून बसणाऱ्या धडकेचे गुण तर या परीक्षेत नाहीतच. म्हणजे बालसुरक्षेचे हे तारे मधल्या रांगेत, योग्य आसनात बसविलेल्या मुलासाठी आहेत. आणि आपण मुलांना बसवितो कुठे? वडीलधारी मधल्या रांगेत आणि 'चला रे पोरांनो, मागे व्हा', हा आपला शिरस्ता. ज्या जागेची परीक्षाच झाली नाही, जेथून मागचा दरवाजा हातभर अंतरावर आहे, तेथे घरातील सर्वांत नाजूक माणसे. घाटाच्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींनी पुढच्या वाहनांना मागून धडक दिल्याच्या बातम्या आपण याच मार्गावरून वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत.

काही वर्षांपूर्वी रात्री अकराच्या सुमारास मला तातडीने बोलावणे आले. एक कुटुंब लग्नाहून परतत होते. दिवे नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर गाडी आदळली. गाडी नवी होती, एअरबॅगा वेळेवर फुगल्या होत्या, पुढे बसलेल्या दोघांना केवळ खरचटले होते. सहा वर्षांची मुलगी मात्र शेवटच्या रांगेत आडवी झोपली होती. ती दोन रांगा ओलांडून पुढे फेकली गेली. ती वाचली, पण तिचा उजवा हात आजही दुबळा आहे आणि आकडीचे औषध चालूच आहे. तिचे वडील दर भेटीत एकच वाक्य बोलतात, "डॉक्टरसाहेब, गाडी तर चांगलीच घेतली होती." त्यांना काय उत्तर द्यावे हे मला अद्याप सुचलेले नाही. कारण तिच्या जन्मापासूनची प्रत्येक लस मी दिली होती, वजन-उंचीचा प्रत्येक आलेख भरला होता, आणि गाडीत तिला कसे बसवावे याविषयी एक अक्षरही कधी बोललो नव्हतो.

शरीरशास्त्र आपल्या वैद्यक व्यवसायातील बंधूंना सांगायला नको, तरी इतर वाचकांसाठी थोडे लिहितो. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे चौथ्या हिश्शाएवढे असते, आणि मानेचे बंध सैल. म्हणून त्याचे आसन गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून लावतात. धडकेचा जोर मग साऱ्या पाठीवर पसरतो. किमान दोन वर्षांपर्यंत, आणि आसनाच्या मापात बसेल तर त्याहूनही पुढे, हेच योग्य. असे आसन एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कदापि लावू नये. नंतर पुढे तोंड असलेले पट्ट्यांचे आसन, आणि त्यानंतर उंची सुमारे १४५ सेंटिमीटर होईपर्यंत बूस्टर. मोठ्यांचा पट्टा लहान मुलाला थेट लावला तर तो कटीच्या हाडाऐवजी पोटावर चढतो, आणि धडकेत आतड्याला व मणक्याला इजा होते.

या आसनांचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे आजीची मांडी. आमच्या आठ महिन्यांच्या नातीसाठी सूनबाईने पुण्याहून आसन आणले, तेव्हा माझी आई म्हणाली, "अरे, तुम्हां चौघांना मांडीवर घेऊनच मी ग्वाल्हेरला नेलं-आणलं. त्या खोक्यात रडेल ती." मी कागदावर गणित मांडून दाखविले. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगात आहे आणि एक दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवण्यास सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. आई गणिताने पटणारी नव्हेच. ती एवढेच म्हणाली, "म्हणजे माझ्या हातून सुटेल?" मी हो म्हणालो. त्यानंतर तिने विरोध केला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बालआसनामुळे अर्भकांचे मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत टळू शकतात. आपल्या हाती असलेल्या कोणत्या औषधाचा एवढा गुण आहे? केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा लावला नव्हता, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे चालक नव्हे, प्रवासी होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. ती गाडीही मोठी, नामांकित आणि महागडीच होती. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागे पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने वा बालआसनाने न बांधता गाडी चालविल्यास एक हजार रुपये दंड आहे. पण फ्रीगंजातून टॉवर चौकापर्यंत जाताना आपल्यापैकी किती जण तो नियम पाळतात, हे प्रत्येकाने मनाशी पडताळावे.

तेव्हा गाड्यांच्या तुलनेविषयी माझे मत असे. घरात लहान मूल असेल तर सफारी आणि हायक्रॉस यांचे बालसुरक्षेचे गुण मला अधिक विश्वासार्ह वाटतात. तिसरी रांग नेहमी वापरायची असेल तर हायक्रॉसला माझी पसंती. आमच्या घरी अखेर तीच आली, मुलाची इच्छा स्कॉर्पिओची असूनही. परंतु गाडीच्या निवडीपेक्षा बैठकीची निवड मोठी आहे. शोरूममध्ये जाताना बालआसन बरोबर न्यावे आणि तेथेच ते बसवून पाहावे. तिसऱ्या रांगेत स्वतः दहा मिनिटे बसावे. प्रत्येक जागेला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, डोक्यामागची उशी पुरेशी वर येते का, बाजूची पडदा-एअरबॅग तेथवर पोहोचते का, हे विचारावे. आणि घरी आल्यावर मानाची जागा बदलावी. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना चालकाशेजारी बसवावे, लहानग्यांना मधल्या रांगेत, आणि काका, मामा, तरुण वडील यांनी पट्टा लावून मागे जावे. थोडी अडचण होईल, ती सोसावी.

मंडळाच्या कार्यकारिणीला एक विनंती आहे. तान्ह्या बाळाचे आसन वर्ष-सव्वा वर्षातच लहान होते. नंतर ते माळ्यावर पडून राहते. अपघातात न सापडलेली, मुदत न संपलेली अशी दहा-बारा आसने मंडळाने जमवावी आणि समाजातील कुटुंबांना, विशेषतः दिवाळीत आलेल्या पाहुण्यांना, वापरण्यास द्यावी. प्रसूतीनंतर बाळ घरी निघते, तेव्हा आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनींनी व आम्ही बालरोगतज्ज्ञांनी लसीकरणाच्या कार्डावर एक ओळ हाताने लिहावी : बाळ गाडीत मांडीवर नको, आसनात. मी ही ओळ गेल्या वर्षीपासून लिहू लागलो आहे. त्या मुलीच्या कार्डावर ती लिहायची राहून गेली.