पडद्यावरचीं कोडीं आणि वडीलधाऱ्यांचें मौन

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरल्या, कीं अलीकडे पुष्कळ घरांतून एक नवीनच गडबड ऐकूं येऊं लागते. मुलाचें नांव कोणत्या तरी 'लॉजिकल थिंकिंग'च्या स्पर्धेंत घातलेलें असतें. ती स्पर्धा शाळेच्या संगणकावर किंवा घरींच ऑनलाइन व्हावयाची असते. आणि आई, वडील, काका व कॉलेजांत जाणारी आत्या असे सर्व मिळून त्या मुलाची तयारी करूं लागतात. तयारी कशाची, असें विचारलें तर नीट उत्तर कोणासच देतां येत नाहीं. पाढे पाठ करवितां येतात, सनावळ्या घोकून घेतां येतात. परंतु विचार करण्याची तयारी करून घ्यावयाची म्हणजे नेमकें काय करावयाचें? या प्रश्नाचा आज थोडा ऊहापोह करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

अशा स्पर्धा आतां पुष्कळ निघाल्या आहेत, व त्यांतील कित्येकींचें लक्ष मुलांच्या बुद्धीपेक्षां पालकांच्या खिशाकडे अधिक असतें. त्यांविषयीं लिहिण्यांत आम्ही जागा दवडीत नाहीं. जिच्याविषयीं आदरानें लिहावें अशी एक आहे, ती 'बेब्रास'. लिथुआनिया हा बाल्टिक समुद्राच्या कांठचा एक लहानसा देश. तेथील भाषेंत बेब्रास म्हणजे बीव्हर. नदींत ओंडके रचून बांध घालणारा तो उद्योगी प्राणी. व्हिल्नियस विद्यापीठांतील प्राध्यापिका व्हॅलेंटिना दागिएने यांच्या कल्पनेंतून ही स्पर्धा निघाली व २००४ सालीं त्यांच्या देशांत ती प्रथम भरली. पुढें जर्मनींत 'बीबर', फ्रान्सांत 'कास्तोर' असें त्या प्राण्याचेंच नांव घेऊन ती देशोदेशीं पसरली. २०१९ सालीं पन्नासांहून अधिक देशांतील पंचवीस लाखांहून अधिक मुलें तींत बसलीं होतीं. भारतांत ए. सी. एम. इंडिया या संस्थेच्या 'सीएसपाठशाला' या उपक्रमानें ती आणिली, आणि तिचे प्रश्न मराठींतही मिळूं लागले, ही विशेष समाधानाची गोष्ट होय.

या स्पर्धेस पूर्वाभ्यास लागत नाहीं. प्रश्न तीन मिनिटांच्या आसपास सुटावा, तो एका पडद्यावर मावावा, आणि ज्यानें संगणकशास्त्राचें नांवही ऐकलेलें नाहीं अशा मुलासही तो समजावा, अशा बेतानें तो रचिलेला असतो. दिसावयास ती एक लहानशी गोष्ट असते. आंत मात्र क्रम लावणें, जवळची वाट शोधणें, पुष्कळ माहिती थोड्या खुणांनीं लिहिणें असें शास्त्रांतील एखादें तत्त्व दडलेलें असतें. देशोदेशींचीं मंडळी दरवर्षीं एकत्र जमून हे प्रश्न चाळून, पाखडून घेतात.

कोड्यांनीं बुद्धीस धार लावण्याची कल्पना तशी नवी नाहीं. आपल्याकडे आजोबांनीं नातवंडांस घातलेलें वाघ, शेळी आणि गवताचा भारा यांचें कोडें कोणास ठाऊक नाहीं? होडींत नावाड्याबरोबर एकच वस्तु मावते. वाघाजवळ शेळी व शेळीजवळ गवत एकटें ठेवावयाचें नाहीं. तर तिन्ही पैलतीरीं कशीं न्यावीं? हेंच कोडें लांडगा, शेळी व कोबी अशा रूपानें युरोपांतील एका जुन्या लॅटिन संग्रहांत आहे. तो संग्रह आठव्या शतकांतील, शार्लमेन बादशहाच्या दरबारचा पंडित आल्क्विन याचा समजतात, व त्याच्या नांवाचा अर्थच 'तरुणांची बुद्धि तीक्ष्ण करण्याचे प्रश्न' असा आहे. या कोड्यांत मुलें कोठें अडतात तें पाहण्यासारखें असतें. शेळी पैलतीरीं नेऊन ठेविली. परत येऊन वाघ नेला. आतां पुढें काय? एकदां नेलेली शेळी पुन्हा ऐलतीरीं आणावी लागते, ही गोष्ट त्यांच्या मनास पटतच नाहीं. झालेलें काम उलटें फिरविलें म्हणजे तें फुकट गेलें, असें त्यांस वाटतें. ज्या मुलास ही युक्ति आपण होऊन सुचते त्याच्या सात खेपा पुऱ्या होतात. ज्यास ती दुसऱ्यानें सांगितली त्याच्याही सातच होतात. पण या दुसऱ्याच्या पदरीं सात या आंकड्यावांचून कांहींच पडत नाहीं.

आतां बेब्रासच्या धर्तीचा एक प्रश्न आपल्या स्वयंपाकघरांतूनच घेऊं. पाश्चात्य देशांत हें जुनें कोडें पावाच्या तुकड्यांवर घालतात. तव्यावर एका वेळीं दोनच लहान थालीपिठें मावतात; थालीपिठाची एक बाजू भाजण्यास दोन मिनिटें लागतात; तर तीन थालीपिठें दोन्ही बाजूंनीं भाजण्यास कमींत कमी किती वेळ लागेल? बहुतेक माणसें आठ मिनिटें म्हणतात: दोन थालीपिठांचीं चार, मग उरलेल्या एकाचीं चार. परंतु या दुसऱ्या चार मिनिटांत अर्धा तवा रिकामा जळत असतो. पहिलें व दुसरें एका बाजूनें भाजून दुसरें उतरून ठेवावें; पहिलें उलथून त्याच्या शेजारीं तिसरें टाकावें; मग पहिलें उतरवून दुसरें व तिसरें यांच्या उरलेल्या बाजू भाजाव्या. सहा मिनिटांत काम झालें.

येथें उत्तर मिळालें, पण प्रश्न संपला नाहीं. सहाच कां? पांच कां नव्हेत? तिन्ही थालीपिठांच्या मिळून बाजू सहा. तवा एका वेळीं दोनच भाजणार. तेव्हां दोन-दोन मिनिटांच्या तीन पाळ्या लागणारच. सहा मिनिटांची रीत सांपडणें निराळें, आणि सहांहून कमी वेळांत तें होणेंच नाहीं हें उमजणें निराळें. मूल या दुसऱ्या पायरीवर चढलें, म्हणजे त्याची मुद्रा पाहावी. या वेळीं चुलीपाशीं बसलेल्या आजीबाई बहुधा म्हणतील कीं, अर्धवट भाजलेलें थालीपीठ खालीं काढून ठेविलें तर तें गार होऊन मोडतें, हें तुमच्या कोडें घालणाराला माहीत नाहीं वाटतें? ही हरकत हसण्यावारी नेऊं नये. कोड्यांत काय गृहीत धरिलें आहे व काय सांगावयाचें राहिलें आहे, इकडे बोट दाखविणें हाही तर्कच होय. संगणकालासुद्धां एक काम अर्धवट टाकून दुसरें हातीं घेण्यास थोडा वेळ खर्चावा लागतोच. नातीचें गणित व आजीचा अनुभव यांची अशी गांठ पडली, तर त्या घरांत त्या दिवशीं खरी शाळा भरली असें आम्ही म्हणूं.

याच्या उलट प्रकारही आपल्या परिचयाचा आहे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेंतील 'बुद्धिमत्ता चाचणी' हा भाग मुलाची स्वतःची समज पाहण्यासाठीं ठेविलेला. परंतु गाइडें व क्लास यांच्या कृपेनें त्याचेही ठसे बनले, व मुलें बुद्धीसुद्धां पाठ करूं लागलीं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत कोडीं व खेळ यांच्या योगें गणिती आणि संगणकीय विचारपद्धति रुजवावी असें म्हटलें आहे. हेतु उत्तम आहे. त्याचेंही गाइड निघूं नये, एवढीच आमची इच्छा. परंतु तें निघेल अशी धास्ती वाटते खरी.

गुण देण्याच्या रीतींतही शिकण्यासारखें आहे. जर्मनींतील पद्धत पाहा. वरच्या वर्गांस चाळीस मिनिटांत पंधरा प्रश्न: पांच सोपे, पांच मध्यम, पांच कठीण. बरोबर उत्तरास अनुक्रमें ६, ९ व १२ गुण. चुकल्यास २, ३ व ४ वजा. कोऱ्या सोडलेल्या प्रश्नास शून्य. सगळें चुकलें तरी मूल शून्याखालीं जाऊं नये, म्हणून आरंभींच ४५ गुण त्याच्या हातीं ठेविलेले असतात. चार पर्यायांपैकीं एकावर डोळे मिटून बोट ठेवणारा सरासरीनें कांहीं मिळवीत नाहीं, कांहीं गमावीतही नाहीं. सोपा प्रश्नच घ्या: चारदां असें केलें तर एकदां सहा मिळतील व तीनदां दोन-दोन जातील. म्हणजे 'मला हें येत नाहीं' असें मुकाट्यानें सांगणाऱ्या मुलाचा येथें तोटा होत नाहीं. आपल्या घरांत मात्र कोरा प्रश्न म्हणजे नामुष्की असें मुलांच्या मनावर इतकें ठसलें आहे, कीं न येणारें उत्तर ठोकून देणें हाच त्यांस पुरुषार्थ वाटतो.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. स्पर्धा घरीं बसून द्यावयाची असली, म्हणजे मुलामागें वडीलमाणसें उभीं राहतात. कोणी चुकचुकतें, कोणी खाकरतें, आणि अखेर कोणी तरी उत्तर सांगून टाकतें. आमच्या परिचयाच्या एका सुशिक्षित घरांत हाच प्रकार घडला. काका इंजिनिअर, पुतण्या बारा वर्षांचा. निकाल उत्तम लागला, प्रमाणपत्र आलें, आजीनें तें कौतुकानें चौकटींत बसविण्यास सांगितलें. तेव्हां तो मुलगा म्हणाला, "आजी, तें काकांच्या खोलींत लावा. त्यांचें आहे तें." सगळे हंसले. काकाही हंसले. मुलगा हंसला नाहीं. आणि पुढच्या वर्षीं नांव घालण्याची गोष्ट निघाली तेव्हां तो नको म्हणाला. आपल्या डोक्यावर घरच्या माणसांचा भरंवसा नाहीं, एवढें त्याला त्या चाळीस मिनिटांत कळून चुकलें होतें. खोट्या उत्तराला घरांत मान मिळतो, हेंही त्याच वेळीं कळलें. आणि तें अधिक वाईट.

मुलींची अडचण निराळी. त्यांना कोणी उत्तर सांगत नाहीं. त्यांना मध्येंच हांक मारतात. भाऊ पडद्यासमोर बसला म्हणजे घरांत सामसूम. बहीण बसली म्हणजे "जरा पानें मांडून जा, मग बस" असें होतें. भास्कराचार्यांनीं शके १०७२ च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'ंत भुंगे, हंस आणि कमळें यांचीं गणितें एका मुलीला उद्देशून घातलीं आहेत, याचा अभिमान आपण सभांतून सांगतों. त्या अभिमानापोटीं घरच्या लीलावतीस सलग चाळीस मिनिटें मोकळीं मिळावीं, ही मागणी फार मोठी नाहीं.

मग वडिलांनीं करावें तरी काय? स्पर्धा चालू असतां दुसऱ्या खोलींत जावें. ती संपल्यावर "किती गुण मिळाले?" असें न विचारतां "कोणता प्रश्न आवडला? तो आम्हांलाही घाल पाहूं" असें म्हणावें, आणि तो खरोखर सोडवावयास बसावें. मूल आपल्याहून आधीं सोडवील. त्यास तयार असावें. जर्मनींत दोघां मुलांनीं जोडीनें बसण्याचीही मुभा असते. आपल्या घरांत चुलत भावंडांना जोडीदार शोधावयास दूर जावें लागत नाहीं. त्यांचें भांडण ऐकूं आलें तरी दार उघडूं नये. "असें कां?" म्हणून तीं भांडत असतील तोंवर सर्व कांहीं ठीक चाललें आहे.

या महिन्यासाठीं एक कोडें देतों. आजीनें नऊ लाडू वळले. एकांत गंमत म्हणून रुपया दडविला, तेवढा तो जड झाला. बाकीचे आठ सारख्याच वजनाचे आहेत. घरांत तराजू आहे, वजनें नाहींत. दोनदांच तोलून रुपयाचा लाडू ओळखावयाचा आहे. फोडून पाहणें बाद. उत्तर पुढील अंकीं देऊं. तोंवर ज्या काकांना तें आलें असेल त्यांनीं गप्प बसावें.