एक्स्पोर्टचा माल

(द्वितीय वर्ष बी. ए.)

आमच्या तासगावकडे कोणत्याही घरात ‘एक्स्पोर्ट’ या शब्दाचा अर्थ विचारा, द्राक्षांविषयीच सांगतील. माझी आई हंगामात पॅकहाउसमध्ये कात्री घेऊन उभी असते. सारख्या मण्यांचा, डाग नसलेला घड पेटीत जातो, पेटी युरोपात जाते, आणि निवडीतून उरलेला माल गावच्या बाजारात येतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. इथे आल्यावर कळले, की संगणकावर जोडलेला चित्रपट फाईल करून बाहेर काढण्यालाही एक्स्पोर्टच म्हणतात. रीतही तीच! महोत्सवाला पाठवायच्या प्रतीसाठी आपण रात्री जागवतो आणि ज्यांच्यावर चित्रपट केला त्यांना उरलेसुरले धाडतो. या रीतीला माझा विरोध आहे, आणि तो केवळ भावनेचा नाही. त्याला हिशेब आहे.

आम्ही चौघांनी ऊसतोड कामगारांवर बारा मिनिटांचा लघुपट मोबाइलवर केला. माणसे बीड जिल्ह्यातली. पट्टा पडला की कोप्या मोडून ती परत जातात. तेव्हा त्यांना चित्रपट दाखवायचा तर वाट एकच, व्हॉट्सॲप. महोत्सवांचे तसे नाही. त्यांच्या मागण्या नियमपत्रकात स्वच्छ लिहिलेल्या असतात. आधी परीक्षकांना पाहण्यापुरती लिंक, निवड झाली तर बहुधा प्रोरेस किंवा डीसीपी. प्रोरेस ही ॲपलने २००७ साली आणलेली पद्धत. १९२० बाय १०८० चे चित्र आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर तिचा ४२२ एचक्यू प्रकार सेकंदाला सुमारे १८४ मेगाबिट घेतो. सेकंदांनी गुणा, आठाने भागा. आमचा लघुपट साडेसोळा जीबीचा होतो. डीसीपी ही चित्रपटगृहातल्या यंत्राची प्रत. तिच्यात प्रत्येक फ्रेम जेपेग २००० पद्धतीने वेगळी साठवतात, मर्यादा सेकंदाला २५० मेगाबिट. ती ‘डीसीपी-ओ-मॅटिक’ या मोफत प्रोग्रॅमवर घरीही काढता येते. स्टुडिओला पैसे मोजण्याआधी हे माहीत असावे. फक्त तिथे २४ फ्रेमचा रिवाज आहे. २५ फ्रेमवर टिपलेला चित्रपट सावकाश करून २४ वर आणला, की बारा मिनिटांचा साडेबारा मिनिटांचा होतो. आमच्या विषयाला अर्धे मिनिट जास्त मिळाले तर माझी तक्रार नाही.

यूट्यूबचे सोपे आहे. एमपी४ फाईल, एच.२६४ चित्र, एएसी आवाज, टिपताना जितक्या फ्रेम होत्या तितक्याच, आणि १०८० ला सेकंदाला ८ मेगाबिट, अशी त्यांचीच शिफारस आहे. आमची फाईल ७२० एमबीची झाली. १०८० मध्ये टिपलेले ओढून ४के करणारे मित्र मला भेटतात. त्याने फाईल फुगते; कॅमेऱ्याने जे पाहिलेच नाही ते त्यात येत नाही.

आता कोपीतल्या मावशीच्या मोबाइलकडे येऊ. दिवसाला दीड जीबीचा पॅक, आणि तोही घरातल्या तिघांत. ७२० एमबीची प्रत त्यातला निम्मा दिवस गिळते. बरे, नेहमीच्या पद्धतीने व्हिडिओ म्हणून पाठवावा, तर व्हॉट्सॲप तो आपल्या हिशेबाने दाबते. कित्येक वर्षे तिथे १६ एमबीची मर्यादा होती. बारा मिनिटे त्यात कोंबायची म्हणजे चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला १७८ किलोबिट, यूट्यूबच्या शिफारशीच्या जेमतेम पंचेचाळिसाव्या हिश्शाइतके!

दाबताना नेमके काय मरते, हे पाहण्यासारखे आहे. एच.२६४ ही २००३ सालची पद्धत बहुतेक फ्रेम पूर्ण साठवत नाही. आधीच्या फ्रेममधले काय हलले, काय बदलले, तेवढेच लिहिते. दिवाणखान्यात सोफ्यावर बसून दोन माणसे बोलत असतील, तर भिंत हलत नाही, सोफा हलत नाही. थोडक्या बिटांत सारे भागते. पण वाऱ्यावरचा उसाचा फड घ्या. हजारो पाती, प्रत्येक वेगळ्या दिशेला, प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी. पहाटेच्या अंधारात चाललेली तोड घ्या. अशा ठिकाणी बिट पुरत नाहीत, फडाचा हिरवा चिखल होतो, अंधाराचे चौकोन पडतात आणि कोयता चालवणारा हात त्यात हरवतो. बैठकीतला चित्रपट गरिबीत निभावतो, रानातला निभावत नाही. म्हणून ‘अमुक सेटिंग वापरा’ असे जे सरसकट सांगितले जाते, ते मला पटत नाही. आधी चित्रात काय आहे ते बघा, मग आकडा ठरवा.

मी काढलेली लहान प्रत अशी. संपूर्ण दर्जाच्या मूळ प्रतीवरून, दाबलेल्या प्रतीवरून कधीही नाही. ‘हँडब्रेक’ हा मोफत प्रोग्रॅम, ८५४ बाय ४८०, सेकंदाला सरासरी १ मेगाबिट, दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत प्रोग्रॅम चित्रपट नुसता तपासतो, दुसऱ्या फेरीत कोपीतल्या शांत प्रसंगाचे बिट वाचवून फडाला देतो. आवाज एकाच वाहिनीत, ६४ किलोबिट, कारण स्वस्त मोबाइलला स्पीकर एकच असतो. त्यासाठी बोलणे वर घेऊन ट्रॅक्टरचा आवाज खाली केला. सारे मिळून ९६ एमबी. ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली, की व्हॉट्सॲप तिला हात लावत नाही. २०२२ पासून अशी २ जीबीपर्यंतची फाईल जाते. पाच इंची पडद्यावर फड फडासारखा दिसतो. इंग्रजी उपशीर्षके चित्रात न भाजता वेगळ्या एसआरटी फाईलमध्ये ठेवली होती, त्यामुळे मावशीच्या तोंडावर परकी अक्षरे आली नाहीत आणि महोत्सवाची सोयही झाली.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, यूट्यूबवर सर्वांसाठी खुला करून टाका. पण काही महोत्सव आधी जाहीर झालेला चित्रपट घेत नाहीत. मग सगळे सांगतात, निकालापर्यंत थांबा. निकालाला महिनोन्‌महिने लागतात, तोवर नवा हंगाम येतो, टोळी दुसऱ्याच कारखान्याकडे जाते आणि मुकादमाचा मोबाइल नंबरही बदललेला असतो. ज्याचा चेहरा आहे त्याने सगळ्यात शेवटी पाहायचे, हा कुठला न्याय? चित्रपटातल्या माणसांना खासगीत प्रत देणे म्हणजे तो जाहीर करणे नव्हे, असे माझे मत आहे. नियम संदिग्ध असेल तर आयोजकांना आधी पत्र लिहून विचारावे. पण ‘थांबा’ हे उत्तर आपणच आपल्याला देऊ नये.

आमच्या स्नेहसंमेलनातल्या लघुपट स्पर्धेच्या नियमांत फुल एचडी फाईल पेन ड्राइव्हवर मागतात, ते योग्यच आहे. पुढच्या वर्षी त्यात आणखी एक अट घालावी, अशी प्राध्यापकांना माझी विनंती आहे: सोबत शंभर एमबीच्या आतली एक प्रत जोडावी, आणि परीक्षकांनी ती साध्या मोबाइलवर, इअरफोन न लावता पाहून तिलाही गुण द्यावेत.