बायांचा डॉक्टर कुठंय?

माझी थोरली बहीण बीडहून ऊसतोडीला जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं दोन, हिशेब एकाचा. मुकादमाची उचल डोक्यावर. एक दिवस पडून राहिली की खाडा, खाड्याचा दंड तिच्याच अंगावर. पाळी असो, पोट असो, मोळी उचलायचीच.

अंगावरून पांढरं जायला लागलं तशी ती सरकारी दवाखान्यात गेली. बोर्डावर ‘स्त्रीरोगतज्ज्ञ’. खुर्ची रिकामी. शिपाई म्हणाला, बाहेर दाखवा. बाहेर डॉक्टर लगेच सापडला! सोनोग्राफी केली न् म्हणाला, पिशवी काढून टाक, न्हाईतर कॅन्सर होईल. वय बत्तीस. पैसे मुकादमानं दिले, उचलीत चढवून.

मी गोदीत माल उचलतो. तिथं क्रेन बिघडली तर आधी दुरुस्ती बघतात, हात कापून फेकत नाहीत. लोखंडाला आहे तेवढी किंमत माझ्या बहिणीच्या पोटाला नाही. तिचं दुखणं बहुतेक वेळा गोळ्यांनी बरं होतं. पण गोळ्यांत कमाई किती? पिशवीसोबत अंडाशयंही काढली की ऐन तिशीत हाडं झिजायला लागतात. हे तिला कुणी सांगितलं?

ही एकटीची गोष्ट नाही. २०१९ साली सरकारच्याच समितीनं बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली. १३ हजारांवर बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. रिकामी खुर्ची, खाजगी सुरी आणि मुकादमाचा खाडा, या तिघांची ही युती आहे. पिशवी गेली, पाळी गेली, खाडा वाचला! साखर गोड लागते ना?

आमच्या मांग-महार आज्यांनी सुईणपण करून गावाच्या नाळी कापल्या. वाड्यातलं पोर आधी त्यांच्या हातात पडलं, मग त्याच हातांचा विटाळ झाला. आज त्यांच्या नातींना तपासायला माणूस नाही.

बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात कामगार बाईच्या बाळंतपणाच्या पगारी रजेसाठी बोलले. १९२९ ला कायदा झाला. ते भीक मागत नव्हते.

म्हणून दोस्तांनो, ‘चांगली डॉक्टरीण कुठंय’ असं दारोदार विचारणं बंद करा. ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, हे सरकारचेच निकष सांगतात. दवाखान्यात दहा जण मिळून जा. हजेरीवही मागा. खुर्ची रिकामी का, लेखी घ्या. कुणी पिशवी काढ म्हणालं तर कारण कागदावर घ्या, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, तोवर अंगठा देऊ नका. खाड्याचा दंड मोडा.

डॉक्टर शोधायचा नसतो. खुर्चीवर आणून बसवायचा असतो.

जय भीम!