परवाना : पाहुण्याचा आणि घरच्याचा

एखाद्या देशाची पारख करायची तर तिथली संसद आणि संग्रहालये पाहण्याआधी वाहन परवाना देणारी कचेरी पाहावी, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आपल्या रस्त्यावर कोणाच्या हाती चाक द्यायचे, हे सरकार तिथे ठरवते. जपानने १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी पर्यटकांसाठी या कचेरीचे दार जवळजवळ बंद केले. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. ती व्हायला हवी होती. कारण प्रश्न जपानचा असला तरी त्याचा माग काढत गेले की आपण आपल्याच आरटीओच्या दाराशी येऊन उभे राहतो.

आधी प्रकरण समजून घेऊ. परक्या देशात गाडी चालवण्याचे दोन मार्ग असतात. पहिला आंतरराष्ट्रीय परवान्याचा. १९४९ च्या जिनिव्हा करारातील देशांनी दिलेले असे परवाने जपान मानतो, तेही फार तर एक वर्ष. भारत या करारात आहे, त्यामुळे आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना तिथे चालतो. चीनची मुख्य भूमी मात्र करारात नाही. दुसरा मार्ग, मायदेशचा परवाना दाखवून जपानी परवाना बदलून घेण्याचा. हा खरे तर तिथे राहणाऱ्यांसाठी. पण मुक्कामाचा पत्ता म्हणून हॉटेलचा पत्ताही चालत असे. लेखी परीक्षा अवघ्या १० प्रश्नांची. 'बरोबर' की 'चूक' एवढेच सांगायचे, सात उत्तरे जुळली की पास. मग गाडी चालवून दाखवायची. शिवाय जपानी परवाना हाती आला की त्याच्या आधारे इतर देशांत चालणारा आंतरराष्ट्रीय परवानाही मिळतो. सहलीला आलेले लोक या रांगेत उभे राहू लागले, यात नवल नव्हते. २०२४ या एका वर्षात साठ हजारांहून अधिक परदेशी नागरिकांनी या मार्गाने परवाना मिळवला.

मे २०२५ मध्ये सैतामा प्रांतात एका मोटारीने शाळकरी मुलांना उडवले आणि चालक पळून गेला. त्याच महिन्यात शिन-मेइशिन द्रुतगती मार्गावर एक मोटार उलट्या दिशेने धावली. दोन्ही चालक परदेशी होते आणि दोघांनीही परवाना बदलून घेतला होता, असे प्रसिद्ध झाले. जनमत खवळले. नव्या नियमानुसार आता रहिवासाचा दाखला लागतो, हॉटेलचा पत्ता चालत नाही. प्रश्न १० चे ५० झाले आणि त्यांतले ४५ बरोबर यावे लागतात. प्रत्यक्ष चाचणीही कडक झाली.

यात परक्यांविषयीचा आकस किती आणि रस्त्याची काळजी किती? दोन अपघातांवरून साऱ्या परदेशी चालकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचेच. परंतु नियम तपासले तर ते मला वावगे वाटत नाहीत. परवाना म्हणजे नुसते कौशल्याचे प्रमाणपत्र नव्हे, ती एक हमी आहे. चूक झाली तर हा माणूस सापडेल, दंडाची नोटीस त्याच्या दारात पोहोचेल, ही खात्री पत्त्याच्या त्या एका ओळीत असते. चार दिवसांनी खोली सोडणाऱ्याकडून ती कशी मिळणार? शिवाय जपानी तरुणाला शिकाऊ परवान्यासाठी ५० आणि पक्क्या परवान्यासाठी ९५ प्रश्न सोडवावे लागतात. दोन्हीकडे ९० टक्क्यांची अट आहे. घरच्याला एवढे कष्ट आणि पाहुण्याला १० प्रश्नांत मोकळीक, हा पाहुणचार नव्हे, गलथानपणाच होता.

आता आपल्याकडे वळू. माझा भाचा नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झाला. नियम बदलण्याआधीची गोष्ट. पुण्यात दहा वर्षे मोटार चालवलेला हा गडी प्रत्यक्ष चाचणीत दोनदा नापास झाला. गाडी उत्तम चालवली. पण वळताना मान मागे वळवून पाहिले नाही. "मामा, इथे आरशात बघून भागत नाही, आपण बघितलं हे त्यांना दिसावं लागतं," असे तो मला फोनवर म्हणाला. शिवाय परवाना मिळाल्यानंतर आपण मायदेशी निदान तीन महिने राहिलो, हे त्याला पासपोर्टवरून सिद्ध करावे लागले. ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलियाच्या परवानाधारकांना मात्र या दोन्ही परीक्षा माफ आहेत. आपल्याला नाहीत.

हा भेदभाव म्हणून आपण चिडू शकतो. पण आकडे पाहिले की राग गिळावा लागतो. आपल्या नियमांनुसार शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत ६० टक्के उत्तरे बरोबर आली की पुरे. म्हणजे जपानने पर्यटकांसाठी जी सवलत धोकादायक ठरवून मोडीत काढली, तिची अटदेखील आपल्या कायमच्या अटीपेक्षा कडक होती! महाराष्ट्राची आणि जपानची लोकसंख्या जवळपास सारखी. वाहने दोन्हीकडे डाव्या बाजूने चालतात. २०२२ साली रस्ते अपघातांत महाराष्ट्रात १५,२२४ माणसे मेली, जपानमध्ये २,६१०. जपानचा हा आकडा अपघातानंतर २४ तासांत दगावलेल्यांचा आहे, हे खरे. परंतु आपल्याप्रमाणे ३० दिवसांचा हिशोब धरला तरी तो साडेतीन हजारांपर्यंत जात नाही. सारा दोष परीक्षेच्या माथी मारता येणार नाही. रस्त्यांची रचना, अंमलबजावणी, रुग्णवाहिका किती लवकर पोहोचते, हे सारे त्यात येते. पण सुरुवात तर परीक्षेपासूनच होते ना? आणि परीक्षेऐवजी एजंटाचा दर विचारला जातो, तिथे ती सुरुवात कशी होते, हे वाचकांना मी सांगायला नको.

परदेशात आपल्या परवान्याची पत किती, हे तिथला अधिकारी ठरवत नाही. ती इथल्या चाचणीच्या मैदानावर ठरते. तिथे उमेदवार मान वळवून मागे पाहतो की नाही, हे पाहणारा परीक्षक उभा असेल, तर उद्या टोकियोतही आपला कागद चालेल. आणि समजा नाही चालला, तरी आपल्या रस्त्यावरची काही माणसे संध्याकाळी धडपणे घरी पोहोचतील. मला विचाराल तर त्या कागदाची खरी किंमत हीच.