तिरकं अक्षर कुणासाठी?



जाड, सगळीकडं एकाच जाडीचं, पुढं झुकलेलं अक्षर. नाजूक चढउतार नाही, शेपटी नाही, नखरा नाही. हे अक्षर वाचायला निवांत बसावं लागत नाही. ते रस्त्यात आडवं येतं, गचांडी धरतं. मोर्च्याच्या फलकाला म्हणूनच ते लागतं.

पोथीतली देवनागरी बोरूतून उतरली. बोरूचं टोक तिरपं कापलेलं, म्हणून रेघ इथं जाड, तिथं बारीक. तो बोरू पिढ्यान् पिढ्या कुणाच्या हातात होता, हे आम्हाला कुणी शिकवू नये. छापखान्याच्या खिळ्यांनीही बराच काळ तेच वळण गिरवलं.

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघालं. पैसे देऊ केले तरी 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नाही. शाहू महाराजांनी मात्र अडीच हजार रुपये दिले. म्हणजे आपली पहिली लढाई अक्षराला जागा मिळवण्याचीच होती.

आज जागेला तोटा नाही. ज्या बिंदू चौकात १९५० साली बाबासाहेबांच्या हयातीतच त्यांचा पुतळा उभा राहिला, त्या कोल्हापुरात १४ एप्रिलला मान वर करून फ्लेक्स वाचा. सगळ्यात जाड, सगळ्यात तिरकं काय? भाऊंचं नाव. दादांचं नाव. शुभेच्छुकांची पलटण. वसतिगृह, शिष्यवृत्ती, जमीन कुठाय? असलीच तर खाली, मुंगीएवढी. साला, हे अक्षर ओरडण्यासाठी होतं, आणि आपण त्याला मिरवायला लावलं!

आणि ते लावतानाही डोकं वापरत नाही. कॉम्प्युटरवर बटण दाबलं की फाँट तिरका होतो, पण होतं काय? शिरोरेषा आडवीच राहते, काना तेवढा कलतो, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन पडते. रोमन लिपीत इटॅलिकचं वेगळं वळण चारपाचशे वर्षं घडत आलंय. आपल्याकडं बहुतेक वेळा उभं अक्षरच ओढून वाकवतात. वर जाडी वाढवली की अक्षरांची पोटं बुजतात. 'भ'च्या डोक्यावरची फट मिटली की त्याचा 'म' होतो, 'ध'चा 'घ'. लांबून 'जय भीम'चं 'जय मीम' दिसलं, तर चूक फाँटची नाही. पन्नास पावलं मागं जाऊन न वाचणाऱ्या आपली आहे.

तेव्हा पुढच्या फ्लेक्सची ऑर्डर देण्याआधी वस्तीत बसून ठरवा. जाड तिरकं अक्षर एकाच ओळीला. ती ओळ मागणीची, नाहीतर ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या नावाची. सगळंच जाड केलं तर काहीच ऐकू येत नाही. पुढाऱ्यांची नावं खाली, साध्या उभ्या अक्षरात, एका मापाची. कुणी रुसलं तर रुसू द्या.

जय भीम!